तिसापर्यंत

उदगिरात आता बंदुका थोड्याच उरल्यात,
म्हणून मी मोंढ्यातले वजनकाटे दुरुस्त करतो.
तसाच एक काटा समोर खोलून बसलो होतो
तेव्हा बिराजदार डॉक्टर आले, गुरांचे.
बगलेत लांबडी पेटी,
खिशात रुमालाची गाठ, गाठीत चार काडतुसं,
न उडालेली.

“मोईज मिस्त्री, फसवलं की हो दुकानदारानं.
नवी कोरी हाय. दहातली चार फुसकी.
कामून म्हनावं?”

मी रायफलीला हात लावला नाही. आधी गाठ सोडली.
बावीसच्या या बोटभर काडतुसाचं सगळं काठात असतं.
बुडाच्या मधोमध कितीही ठोका, ते मुकं.
काठावर घाव बसला तरच बोलतं.
भिंग लावलं. चारी काठांवर खूण होती,
पण कशी, तर सांडलेल्या पिठावर
चिमणीनं पाय टेकवून उचलावा तशी.

“माल बरा हाय डॉक्टर. मारच हलका पडायलाय.”

उघडली. आत कारखान्याचं ग्रीस,
पिवळं, डिसेंबरच्या थंडीनं तुपासारखं थिजलेलं,
आणि पिन त्यात
काळ्या रानात गाडीचं चाक बसावं तशी.
रॉकेल, दात घासायचा जुना ब्रश, बनियनची चिंधी.
मग तेल, एकच थेंब.
दुसरा दिला की तेच दुखणं परत.

रविवारी खदानीमागच्या रेंजवर गेलो.
समोर मुरमाचा बांध, त्याच्यापुढं पुठ्ठा.
चार बार सरळ गेले. बाभळीवरचे होले उठले,
परत बसले.
पाचवा: टक.
डॉक्टरांचा हात लगेच खटक्याकडं. मी मनगट धरलं.
“नळी बांधाकडंच राहू द्या. तिसापर्यंत मोजा.
झोपलेला बार कधी उशिरा उठतो.”
मोजले त्यांनी, मोठ्यानं,
लसीकरणाला उभी गुरं मोजावीत तसे.

काही झालं नाही. काडतूस काढलं,
अर्धं फिरवून पुन्हा घातलं, खटका मी मिटला.
उडालं.

म्हणजे रायफल बरी, काडतूस बरं.
मग मी फक्त त्यांचा हात बघत उभा राहिलो.
खटका खाली ओढायचे ते झोकात.
वर मिटताना मात्र शेवटच्या सुपारीभर अंतरात
हात मऊ व्हायचा.
पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहायची.
घोडा पडायचा, त्याचं निम्मं बळ
ती फट बुजवण्यातच जायचं.

“खाटकन मिटा, डॉक्टर.”
“मिटलाच की.”
“दार लोटल्यावानी लोटताव तुम्ही.”

ते बांधाकडं बघत राहिले. नळीही बांधाकडंच.
“दोन वर्षं तेच केलं.
आतल्या खोलीत विमल असायची.
रात्रभर कण्हून पहाटं कुठं डोळा लागायचा तिचा,
कडीचा आवाज झाला की संपलं.
आता कोन नाही त्या खोलीत.
हात तसाच राहिला बघा.”

माझ्या डब्यात स्प्रिंगा आहेत, पिना आहेत,
तीन आकारांचे पेचकस.
मी म्हणालो, “अजून एकदा.”

खाट.
त्या आवाजानं ते स्वतःच दचकले, मागं वळून बघितलं.
मी म्हणालो, “पुढं बघा.”
मग चाप ओढला. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात भोक.

पुढच्या दहात एकच अडलं.
तीस मोजून काढलं तर काठावर खोल, नीट खूण.
“हे मात्र मालाचं. एवढं दुकानदाराला ऐकवा,” मी म्हणालो.
ते हसले नाहीत, पण काडतूस रुमालात बांधून घेतलं.

मजुरी साठ. शंभराची नोट दिली त्यांनी,
माझ्याकडं सुटे नव्हते. वजनकाट्यावाल्याकडून
घेऊन देतो म्हणालो, राहूनच गेलं.

निघताना जीपचं दार त्यांनी हळूच लावलं.
ते लागलं नाही.
इंजिन चालू होतं. थोडा वेळ तसेच बसले,
मग दार उघडून
पुन्हा लावलं.